पाणी, चिखल, जांभा: बेळगाव भागात अॅब्स्ट्रॅक्ट फोटो कसे काढावेत

नदीवर कॅमेरा घेऊन गेलेला माणूस आधी पाण्याकडं बघतो. अॅब्स्ट्रॅक्ट फोटो, म्हणजे वस्तूपेक्षा रंग, रेघा आणि आकार दाखवणारा फोटो हवा असेल तर आधी पलीकडच्या काठाकडं बघावं. पाण्याचा स्वतःचा रंग फार थोडा. फोटोत सोनेरी, निळे, हिरवे पट्टे दिसतात ते समोरच्या झाडांचे, आभाळाचे, घाटावरच्या रंगवलेल्या भिंतीचे, नाहीतर पुलावर खोळंबलेल्या उसाच्या ट्रॉलीचे. म्हणून खानापुरात मलप्रभेवर असा किंवा निपाणीकडं वेदगंगेवर, पहिला प्रश्न एकच: समोर रंगीत काय आहे आणि त्यावर ऊन कधी पडतं?

काठ निवडताना

सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, म्हणजे आधी उजळतो तो पश्चिमेचा काठ. तुम्ही पूर्व काठावर उभं राहायचं, शक्यतो पाठीमागं दाट झाडी किंवा उंच दरड असेल अशा जागी, म्हणजे पाण्यावर तुमच्या बाजूची सावली राहते. संध्याकाळी हेच उलट. समोरचा काठ उन्हात आणि मधलं पाणी सावलीत, ही जोडी जमली की निम्मं काम झालं. लाटेचा जो उतार तुमच्याकडं तोंड करून असतो तो वरचं आभाळ दाखवतो, पलीकडचा उतार समोरचा काठ दाखवतो. त्यामुळं निळ्या आणि तांबूस-पिवळ्या रंगांचे तुकडे एकमेकांत गुंफल्यासारखे दिसतात. पाण्यावर थेट ऊन आलं की खेळ संपला: चकाकीचे पांढरे ठिपके येतात, तळाचा गाळ उजळतो आणि रंग फिके पडतात. सूर्य उगवल्यावर साधारण वीस मिनिटांपासून तास-दीड तास, एवढाच वेळ हातात असतो.

वाऱ्याचाही अंदाज घ्या. अगदी निवांत पाण्यात नुसतं उलटं चित्र दिसतं, जोराच्या वाऱ्यात सगळं करडं होतं. पानं हलत नाहीत पण पाण्यावर सुरकुत्या आहेत, अशी वेळ उत्तम. वारा अजिबात नसेल तर वरच्या अंगाला एखादा खडा टाकून लाटा पसरायची वाट बघा. पहिली उंच वलयं जाऊ द्या, नंतरच्या सपाट लाटा जास्त कामाच्या.

लेन्स ७० ते २०० मिमीच्या टप्प्यातली. मोबाइल असेल तर दुप्पट किंवा तिप्पट झूमचा खरा कॅमेरा वापरा, बोटांनी चित्र मोठं करू नका. अपर्चर एफ ८, शटर १/५०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० पर्यंत ऑटो, फाइल रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली). व्हाइट बॅलन्स मात्र ऑटोवर ठेवायचा नाही. निळा जास्त दिसला की कॅमेरा तो दुरुस्त करायला बघतो आणि निळ्या-सोनेरीतला जो विरोध टिपायला तुम्ही आलात तोच पुसून टाकतो. ५२०० ते ५५०० केल्व्हिनवर, म्हणजे ‘डेलाइट’वर, पक्का करा.

फोकसमध्ये बहुतेकांची फसगत होते. पाण्याचा पृष्ठभाग तुमच्यापासून पाच मीटरवर असेल, पण त्यात दिसणारं झाड कॅमेऱ्याच्या हिशेबानं पाण्यापर्यंतचं अंतर अधिक तिथून झाडापर्यंतचं अंतर, एवढं दूर असतं. ऑटोफोकस या दोहोंच्या मध्ये हेलपाटत राहतो. तरंगणाऱ्या पानावर नाहीतर काडीवर फोकस धरा, मग मॅन्युअल करा आणि हात लावू नका. लाटांच्या कडा धारदार आल्या की आतलं झाड थोडं मऊ राहिलं तरी बिघडत नाही, उलट बरंच. आरशासारखं प्रतिबिंब हवं असेल तेव्हाच समोरच्या काठावर फोकस करायचा.

उंचीनं आकार बदलतो. गुडघ्यावर बसून काढलं तर लाटा आडव्या, लांब, अरुंद पट्ट्यांसारख्या येतात. पुलावरून खाली बघून काढलं तर गोलसर पेशींसारख्या येतात आणि तळही डोकावू लागतो. दोन्ही काढून बघा. प्रत्येक जागेचे पंधरा-वीस फोटो सलग घ्यावेत, कारण लाट पुन्हा तशी येत नाही आणि कुठली चांगली ते डोळ्याला त्या क्षणी कळत नाही.

घाटावर माणसं अंघोळ करत असतात, धुणं धूत असतात. लुगड्यांचे रंग पाण्यात सुरेख उतरतात, पण कॅमेरा पाण्याकडं वळवण्याआधी त्यांना विचारा. विचारलं की लोक सहसा नाही म्हणत नाहीत.

पोलरायझर: कधी लावायचा, कधी काढायचा

पोलरायझर पाण्यावरची चकाकी कापतो, म्हणून लोक तो पाण्याच्या प्रत्येक फोटोला लावून ठेवतात. वर सांगितलेल्या फोटोत मात्र चकाकी हाच विषय आहे. तिथं फिल्टर काढून ठेवा, नाहीतर प्रतिबिंब सर्वांत गडद दिसेल अशा जागी फिरवा. उथळ पाण्यातले गोटे, शेवाळ, वाळूवरच्या रेघा हव्या असतील तेव्हा तो कामाचा. सर्वांत चांगला परिणाम पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या तिरप्या नजरेनं मिळतो. सरळ खाली वाकून बघितलं तर फिल्टर कितीही फिरवा, फारसा फरक पडत नाही. उजेड दीड ते दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेवढा आयएसओ वाढवा. मोबाइलवाल्यांनी पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून फिरवावी. जुगाड आहे, पण चालतो.

वाहतं पाणी आणि पानाची परीक्षा

‘रेशमी पाण्यासाठी शटर किती?’ या प्रश्नाला एक आकडा नाही. पाण्याचा वेग आणि फ्रेमची रुंदी मिळून ते ठरतं. सोपी रीत अशी: एक वाळकं पान प्रवाहात सोडा आणि ते फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला किती सेकंदांत जातं ते मोजा. समजा २ सेकंद लागले. मग १/२ सेकंदाच्या शटरला फेसाचा प्रत्येक ठिपका फ्रेमच्या पाव भागाएवढी रेघ ओढेल. १/१५ ला रेघ फ्रेमच्या तिसाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे पाण्याला केस फुटल्यासारखा पोत येईल. पाणी गोठवायचं असेल तर १/१००० लागेल: २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो, तेव्हा ठिपका ३ पिक्सेलच सरकतो. आमच्या मते सर्वांत चांगले आकार रेघ फ्रेमच्या दहाव्या ते चौथ्या हिश्श्याएवढी असताना येतात. त्याहून लांब शटरला पाण्याचं दूध होतं आणि सगळ्या नद्या सारख्या दिसू लागतात.

या भागात अशा फोटोंसाठी धबधब्यापेक्षा बंधारे जास्त उपयोगी, हे कुणी फारसं सांगत नाही. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी या नद्यांवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतात तेव्हा त्यांच्या फटींतून पाण्याच्या उभ्या पांढऱ्या धारा सुटतात. मागं ओल्या, काळपट बरग्यांची पार्श्वभूमी आयतीच मिळते. खालच्या अंगाच्या काठावरून १०० मिमीच्या पुढची लेन्स लावून फक्त धारा घ्या, बंधाऱ्याची वरची कड आणि खालचं पाणी दोन्ही कापा. १/४ सेकंदाला धारा मलमलीसारख्या येतात, १/५०० ला मण्यांच्या माळांसारख्या. पाणी बरग्यांवरून वाहत असेल तर तिथं काचेसारखा एकसंध पडदा तयार होतो. तो जिथं फाटायला लागतो ती रेघ फ्रेमच्या वरच्या तिसऱ्या भागात ठेवा.

गोकाकचा धबधबा साधारण ५२ मीटरचा. पावसाळ्यात घटप्रभेचं पाणी चहासारखं तांबडं असतं आणि तेच त्याचं वैशिष्ट्य. पांढऱ्या धबधब्याची सवय झालेले लोक एडिटिंगमध्ये ते पांढरं करायला बघतात. करू नका. २०० मिमी किंवा त्याहून लांब लेन्सनं मधलाच एक तुकडा उचला, खडकाची कडा नको, आभाळ नको, झुलता पूल तर नकोच. १/१००० ला तांबड्या पाण्याच्या गाठी आणि पिळे दिसतात. मात्र फवारा दूरवर येतो. लेन्सची पाठ वाऱ्याकडं असेल असं उभं राहा आणि दर दोन-तीन फोटोंनंतर काच पुसा. एक थेंब राहिला तरी मधोमध मऊ डाग येतो आणि तो घरी आल्यावरच दिसतो.

धबधब्याखाली किंवा बंधाऱ्याच्या कोपऱ्यात, पाणी सावकाश फिरतं तिथं फेसाची चाकं तयार होतात. त्यांना ४ ते १५ सेकंदांचं शटर लागतं. दिवसा एवढं लांब शटर ठेवायला एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळी काच हवी. ६ स्टॉपचा फिल्टर १/६० चं सुमारे १ सेकंद करतो, १० स्टॉपचा सुमारे १७ सेकंद. फ्रेम आणि फोकस फिल्टर लावण्याआधीच ठरवा, १० स्टॉपच्या काचेतून कॅमेऱ्याला काही दिसत नाही. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद करा. डीएसएलआर असेल तर मागची डोळा लावायची खिडकी काळ्या कापडानं झाका, नाहीतर तिथून उजेड शिरून फोटोवर जांभळट पट्टा येतो. स्वस्त फिल्टर रंग बिघडवतात, म्हणून पहिला फोटो पांढऱ्या कागदाचा घेऊन ठेवा. पुढं रंग त्यावरून जुळवता येतो. ट्रायपॉडचे पाय वाहत्या पाण्यात असतील तर प्रवाह ते थरथरवतो. मधला दांडा वर काढू नका आणि खालच्या आकड्याला दगडांची पिशवी अडकवा.

एक्स्पोजरबद्दल थोडक्यात. फ्रेमभर फेस असेल तर मीटर (कॅमेऱ्यातला उजेडमापक) त्याला करडा करतो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ द्या. काळोख्या पाण्यावर थोडासाच फेस असेल तर उलट होतं, मीटर सगळं उजळवतो आणि फेस जळतो, तेव्हा –१. खात्री हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) करायची, पडद्यावरच्या चित्रावर नाही. उन्हात पडदा खोटं बोलतो.

तवंग, भातरोपं आणि दुसरं उथळ पाणी

खानापूर, जांबोटीकडच्या जांभ्याच्या प्रदेशात झऱ्याच्या तोंडाशी, साचलेल्या डबक्यावर, खाचरात इंद्रधनुषी तवंग दिसतो. कुणीतरी डिझेल सांडलंय असं वाटतं. काडीनं हलवून बघा. तवंग काचेसारखा तडकून तुकडे झाले तर तो लोहजिवाणूंचा थर. फिरून परत एक झाला तर तेल. पहिल्या प्रकाराला कुणी हात लावत नाही, आणि ही या मातीतली खास चीज आहे. वर ढगाळ, उजळ आभाळ हवं. रंग परावर्तनाचेच असल्यानं इथंही पोलरायझर नको. कॅमेरा तिरपा धरला की सगळा थर फोकसमध्ये राहत नाही, म्हणून एफ ११. आधी अख्ख्या थराचे फोटो, मग कडेनं काडीची एक हलकी टोचणी आणि तडे जाताना पुन्हा. दुसऱ्यांदा टोचायची गरज पडत नाही, थर मोडून जातो.

जुलैत येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारात चिखलणी झालेल्या भाताच्या खाचरांत पाणी उभं असतं. रोपलावणीनंतरचे पहिले आठ-दहा दिवस फोटोचे. रोपांच्या हिरव्या टाचण्या आणि त्यांचंच प्रतिबिंब मिळून इंग्रजी व्ही आणि एक्ससारख्या खुणांची रांग तयार होते. बांधावरून, पाय न घसरता, ढगाळ सकाळी. रोपं वाढली की पाणी झाकलं जातं. बेळगाव किल्ल्याच्या खंदकातलं शेवाळ आणि किल्ला तलावातली कमळाची पानं मात्र बरेच महिने हाताशी असतात. त्यांत नवीन काही सांगण्यासारखं नाही.

भेगाळलेला तळ

मार्च ते मे, तलावांचं पाणी हटलं की मातीचे नकाशे उघडे पडतात. इथं जिल्ह्याचे दोन भाग करावेत. पश्चिमेची तांबडी माती कमी आकसते, भेगा बारीक आणि विरळ. पूर्वेकडं बैलहोंगल, सौंदत्तीच्या काळ्या मातीत फुगणारी-आकसणारी चिकणमाती भरपूर, तिथं बोट जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात. नवलतीर्थाच्या जलाशयाचा मागं सरकलेला काठ यासाठी चांगला, फक्त धरणाच्या भिंतीचे आणि दरवाजांचे फोटो काढू नका.

भेगा नीट बघितल्या तर दोन जाती दिसतात. पहिल्यांदाच वाळलेल्या गाळात एक भेग दुसरीला काटकोनात जाऊन भिडते, टी अक्षरासारखी. भिजून-वाळून पुष्कळ फेऱ्या झालेल्या ठिकाणी तीन भेगा साधारण १२० अंशांनी मिळतात आणि मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी होते. फोटोला पहिली जास्त नाट्यमय, दुसरी जास्त शांत. एकाच फ्रेममध्ये दोन्ही घेऊ नका, नजर कुठंच ठरत नाही.

कॅमेरा जमिनीला अगदी समांतर हवा. थोडा जरी कलला तरी एका कडेच्या भेगा मऊ होतात आणि चौकोन पसरट दिसतात. मोबाइलमधलं लेव्हल अॅप कॅमेऱ्याच्या पाठीवर ठेवून शून्य करा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स दीड मीटर उंचीवर धरली तर साधारण १०८ बाय ७२ सेमी जमीन येते. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमीनं जवळपास तेवढीच. एफ ८ पुरेसा. ऊन तिरपं हवं, उन्हाळ्यात साडेआठनंतर भेगांतली सावली उथळ होते आणि जमीन सपाट वाटते. सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवा. मागं असला तर तुमचीच सावली, समोर असला तर ट्रायपॉडच्या पायांची. चालताना बाहेरून आत या, आतून बाहेर नको, कारण स्वतःच्या चपलांचे ठसे पुसता येत नाहीत. मधल्या भागाचा गाळ वरून वाळलेला आणि खाली लिबलिबीत असतो. काठी खुपसून बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका.

पाण्याच्या लाटा दगडातही बघायला मिळतात. गोकाक–सौंदत्ती पट्ट्यातले वाळूचे खडक कलादगी खोऱ्याचे, शंभर कोटी वर्षांहून जुने, आणि त्यांच्या थरांवर काही ठिकाणी उथळ पाण्यानं ओढलेल्या लाटांच्या खुणा टिकून आहेत. सूर्य क्षितिजाजवळ असताना लाटांच्या रेघांना आडवा उजेड पडू द्या. उजेड रेघांच्या दिशेनंच आला तर खुणा दिसणारच नाहीत.

पाऊस थांबत नसेल तर स्वयंपाकघरात

काचेचा ट्रे दोन डब्यांवर ठेवून टेबलापासून २५ ते ३० सेमी उंच करा. त्यात दोन सेमी पाणी, एक-दोन चमचे सूर्यफूल तेल (शेंगदाण्याचं तेल पिवळी झाक देतं). खाली रंगीत साडीची घडी पसरा, शहापूरच्या काठाची असली तर बहार. टेबललॅम्प बाजूनं कापडावर मारा, पाण्यावर नाही. वरून कॅमेरा समांतर, मॅक्रो लेन्स किंवा साधी लेन्स आणि एक्स्टेन्शन ट्यूब, एफ ८, शटर किमान १/१२५, कारण तेलाचे थेंब सरकत असतात. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब काडीनं टेकवला की मोठे थेंब फुटून लहानांची गर्दी होते. फोटो बिघडतात ते मुख्यतः धुळीमुळं. ट्रे धुऊन उपडा वाळवा, फडक्यानं पुसला तर धागे राहतात.

जाताना आणि आल्यावर

कणकुंबी, जांबोटीच्या पावसात लेन्सला बुरशी चढायला वेळ लागत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कॅमेरा ठेवा. रंग बदलणारं जेल गुलाबी झालं की ते तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळं करता येतं. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या काचेवर वाफ धरते, तेव्हा बॅग बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा.

पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडलं की खालची पातळी पटकन वाढते, मधल्या खडकावर ट्रायपॉड मांडू नका. गोकाकला कड्याजवळचा खडक शेवाळानं निसरडा असतो. कृष्णेत मगरी आहेत, चिकोडी-रायबाग बाजूला पाण्याच्या कडेला उकिडवं बसून फोटो काढण्याची हौस आवरा. भीमगड अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी. ड्रोनवाल्यांनी सांबऱ्याचा विमानतळ, हवाई दलाचं केंद्र आणि बेळगावची लष्करी छावणी लक्षात ठेवून ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघावा.

घरी आल्यावर निवड त्याच रात्री करू नका. दोन दिवसांनी सगळे फोटो बोटाच्या पेराएवढे लहान करून बघा. त्या आकारातही ज्यांची रचना ओळखू येते तेवढेच ठेवा. मग प्रत्येक फोटो उलटा करा, आडवा करा. चारही बाजूंनी तोल राहत असेल तर कुठली बाजू वर ठेवायची ते तुमच्या मर्जीवर. चारही कोपरे तपासा: उजळ ठिपका, अर्धी काडी, तुटकं पान नजर बाहेर ओढून नेतं. सॅच्युरेशन +१० च्या वर लागत असेल तर उजेड चुकीचा होता, तो फोटो सोडून द्या. लांब शटरच्या फोटोला क्लॅरिटी वाढवू नका, रेशमाचं गोणपाट होतं. भेगा आणि खडकाला मात्र ती चालते, आणि तिथं रंग काही सांगत नसेल तर सरळ कृष्णधवल करा. छापायचं असेल तर २४ मेगापिक्सेलची न कापलेली फाइल ३०० डीपीआयला २० बाय १३ इंच येते. कागद मॅट घ्या, चकचकीत कागदावर पाण्याच्या चकाकीत खोलीतल्या ट्यूबलाइटची चकाकी मिसळते.